नातवासह जलदुर्गाकडे

अमेरिकेत असलेल्या आमच्या पुतण्याने मध्यंतरी कळविले की, नुकतीच पाऊल टाकू लागलेली कन्या घेऊन तो शनिवार-रविवार कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर जाऊन आला. ते ऐकताच आमच्या घरीही बेट पाहण्याची टूम निघाली. नातू दीड वर्षाचा. अंथुर्ण्यास राहून त्याने पाहिलेले मोठे पाणी म्हणजे कालव्याचे.

बेट फार दूर शोधावे लागले नाही. अलिबागसमोरील कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी बेट असतो व ओहोटीस तेथे पायी जाता येते. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ केला. आत रघूजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधविलेले गणेशाचे देवालय आहे, आणि चोहोंकडे खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे.

वेळ काढण्याचे काम आम्ही पंचांग घेऊन स्वतःकडे घेतले. कोकणातील जुन्या मंडळींचा आडाखा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो अंक येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि तिच्या आधी व नंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. रविवारी वद्य तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन. अर्थात सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. शिवाय पौर्णिमा नुकतीच उलटलेली. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके चढते तितकेच मागेही हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा ते पुरते हटत नाही. गणित निर्दोष होते. त्यात नातू तेवढा धरावयाचा राहिला होता.

शनिवारी बोरघाटात त्यास दोनदा ओकारी झाली. परक्या जागी रात्री झोप लागली नाही आणि पहाटे लागली ती साडेसातपर्यंत. सात वाजता निघावयाचे ते किनाऱ्यावर पोहोचण्यास साडेआठ झाले. ओल्या वाळूवर उतरताच तो कोणाच्या कडेवर राहीना. प्रत्येक शिंपल्यापाशी बसे, खेकड्याच्या बिळात बोट घाली. अर्ध्या वाटेवर साडेनऊ वाजले.

तेथे सूनबाई थांबली व म्हणाली, "मामंजी, आता परतू या. ह्याला भूक लागली आहे. किल्ला पाहून निघेपर्यंत पाणी चढेल."

आम्ही चिडलो. "इतक्या लांब आलो ते अर्ध्या वाटेवरून परतण्यासाठी काय?"

तिने शांतपणे उत्तर दिले, "किल्ला तीनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. आणखी दोन वर्षे आपल्यासाठी थांबेल."

चिरंजीव आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. शेवटी आमच्या घरातूनच निकाल झाला. नातवाच्या आजीने त्याला उचलले व ती किनाऱ्याकडे वळली. मऊ भात खाऊन नातू झोपी गेला. आम्ही मात्र रागाने समुद्राकडे पाहत बसलो होतो. काही वेळाने, आम्ही जेथे वाद घातला त्या जागेवरून पाणी वाहू लागलेले दिसले. किल्ल्यात गेलो असतो, तर त्याच वेळी भुकेले मूल घेऊन परत निघालो असतो. त्या रात्री सर्वांसमक्ष आम्ही म्हणालो, "सूनबाई, आज तुझेच खरे होते."

लहान मूल घेऊन जाणाऱ्या वाचकांस एवढेच सांगणे की, पंचांगाचा आडाखा ढोबळ आहे; पाण्यात पाऊल घालण्यापूर्वी तेथील कोळ्यास अवश्य विचारावे. आणि केव्हा परतावे, हे मुलाच्या आईस ठरवू द्यावे.

हल्ली चारीला पाणी आले की नातू हात हलवून त्यास "ये, ये" म्हणतो. तो चार वर्षांचा झाला म्हणजे पुन्हा जाऊ. तिथी आम्ही काढू. निघण्याची वेळ सूनबाई ठरवील.