दुर्मिळतेची सनद

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात जपानी काष्ठमुद्रांचा एक संग्रह आहे, जो संग्रहालयाच्या मालकीचा असूनही त्याच्या भिंतीवर कधी लागत नाही. विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या बंधूंनी १९२१ साली सुमारे साडेसहा हजार चित्रे त्या संस्थेच्या हवाली केली, तेव्हा ही चित्रे प्रदर्शनार्थ कधीही मांडू नयेत अशी अट त्यांनी घातली. प्रथमदर्शनी ही अट कृपणपणाची वाटते. परंतु अठराव्या शतकातील त्या चित्रांत करडईच्या फुलांपासून काढलेला गुलाबी आणि त्सुयुकुसा नावाच्या रानफुलापासून काढलेला निळा असे जे दोन अतिशय नाजूक रंग होते, ते इतर बहुतेक संग्रहांत उजेडाने खाऊन टाकले, गुलाबी विटला आणि निळ्याच्या जागी मातकट पिवळी छटा तेवढी उरली. स्पॉल्डिंग यांच्या चित्रांत मात्र ते दोन्ही रंग आजही ताजे आहेत. ही चित्रे काही राजदरबारासाठी काढलेली नव्हती. नाटकमंडळ्यांतील नट, कुस्तीच्या आखाड्यातील मल्ल, चहागृहांतील रूपवती असे एदो नगरीतील (आजच्या टोकियोतील) रंजनाचे विषय कागदावर उतरवून सामान्य दुकानदारालाही परवडेल अशा भावाने विकलेला तो बाजारी माल होता.

हे लक्षात ठेवून आजच्या व्हिडिओ गेमच्या छापील चित्रांकडे पाहिले, तर त्यांच्या संग्राहकाला हसण्याचे कारण उरत नाही. घरातील कर्ता मुलगा परदेशातून एक नळकांडे मागवतो, त्यातून एक चित्र निघते, चित्रात तलवार घेतलेली कोणी काल्पनिक कन्यका असते आणि सोबतच्या बिलावरचा आकडा वाचून वडील मंडळींचा हात कपाळाला जातो. हे दृश्य आता पुण्यामुंबईतही नवे राहिलेले नाही. माझा पक्ष त्या मुलाचा आहे. मात्र त्याला जे विकले जाते ते कोणत्या हमीवर विकले जाते, याविषयी माझी तक्रार आहे, आणि ती विकणाऱ्यांविरुद्ध आहे.

प्रथम या चित्रांची योग्यता. योशिताका अमानो हे १९५२ साली शिझुओका येथे जन्मलेले चित्रकार वयाच्या पंधराव्या वर्षी तात्सुनोको या चलच्चित्रांच्या कारखान्यात दाखल झाले आणि पुढे १९८७ साली निघालेल्या ‘फायनल फँटसी’ या खेळासाठी त्यांनी पात्रांची चित्रे रेखाटली. त्यांची रेषा रेशमाच्या धाग्यासारखी वळणारी, जलरंग पाण्यात विरघळत चाललेला. आणि ज्या यंत्रावर हा खेळ चालायचा त्या यंत्राला एका पुतळीसाठी एका वेळी तीनच रंग ठाऊक. परिणामी खेळणाऱ्याला पडद्यावर दिसली ती काही चौकोनी ठिपक्यांची बाहुली, आणि अमानोंनी काढलेले चित्र पाहावयाचे तर ते कागदावरच पाहणे भाग होते. तेव्हा या प्रकारच्या खेळांत छापील चित्र हे खेळाला चिकटवलेले शोभेचे शेपूट नसून, यंत्राला जे दाखवणे साधले नाही ते दाखवण्याची एकमेव जागा होती.

आता यंत्रे समर्थ झाली, तरी दुसरीच अडचण उभी राहिली आहे. अमानोंचे मूळ चित्र निदान कागदावर अस्तित्वात आहे. आजचे बहुसंख्य चित्रकार थेट संगणकावर काढतात, म्हणून त्यांच्या चित्राला मूळ प्रत अशी नसतेच. उत्तम कागदावर उत्तम शाईने छापलेली आणि चित्रकाराने डोळ्यांखालून घातलेली प्रत हेच त्या चित्राला लाभलेले पहिले शरीर होय. खेळाचे स्वतःचे आयुष्य तर याहूनही बेभरवशाचे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, अमेरिकेत पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी सत्याऐंशी टक्के खेळ आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. यंत्र मोडते, कंपनीचा सर्व्हर बंद होतो, हक्कांचा करार संपतो आणि खेळ जातो, कागद उरतो. ‘फायरवॉच’ या २०१६ सालच्या खेळात तर आपण त्या काल्पनिक अरण्यात हिंडताना खेळातल्याच कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे खरोखरीच्या कागदावर छापून घरी मागवण्याची सोय केलेली होती. जे रान कुठे नाही तिथल्या सहलीचे फोटो टपालाने घरी यावेत, ही कल्पना मला तरी मोठी गोड वाटली.

तर मग तक्रार कशाची? ती दुर्मिळतेच्या व्यापाराची आहे. अशा चित्राच्या खालच्या समासात पेन्सिलीने एक अपूर्णांक लिहिलेला असतो, समजा ३७/२५०. शेजारी चित्रकाराची सही, कधी कोरडा उठावाचा शिक्का आणि सोबत जाड कागदावरचे खात्रीपत्र. एकूण अडीचशेच प्रती, त्यांतील ही सदतिसावी, असा त्याचा अर्थ. आणि किंमत मुख्यतः या अपूर्णांकाची असते. काष्ठमुद्रेच्या काळी संख्येला मर्यादा पडे ती लाकडामुळे. होकुसाईच्या सुप्रसिद्ध लाटेच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात शीर्षकाची जी चौकट आहे, तिच्या बारीक रेषा पहिल्या प्रतींत अखंड आहेत आणि मागाहून काढलेल्या प्रतींत तुटलेल्या आहेत, कारण हजारो कागदांखाली घासून तो ठसा झिजला. म्हणजे कोणती प्रत आधीची आणि कोणती नंतरची हे खुद्द चित्रच कबूल करते. जेड हेन्री या अमेरिकन चित्रकाराने व्हिडिओ गेममधील पात्रांना उकियो-ए या जुन्या जपानी काष्ठमुद्रांच्या पद्धतीत बसवून काढलेली विडंबनचित्रे टोकियोत राहणाऱ्या डेव्हिड बुल या मुद्रकाने लाकडी ठशांवर, हाती बनवलेल्या कागदावर, एकेक रंग स्वतंत्र दाबून छापली, आणि २०१२ साली लोकवर्गणीतून त्या उपक्रमाला तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. कंपन्यांच्या अधिकृत मालात या चित्रांची गणना होत नाही. तरी त्यांचे मोल मजकुरात सांगावे लागत नाही, ते ठशात आणि कागदात दिसते.

संगणकातील फाइल मात्र झिजत नाही. अडीचशेवी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ निघते आणि अडीच लाखावीही तितकीच स्वच्छ निघेल. येथे मर्यादा आहे ती केवळ विक्रेत्याच्या शब्दाची, आणि त्या शब्दाला पळवाटा अनेक. चित्रकाराच्या म्हणून काही जादा प्रती या संख्येबाहेर ठेवण्याचा जुना शिरस्ता आहे. तेच चित्र दोन बोटे लहान करून नवी आवृत्ती म्हणून काढता येते. पाच वर्षांनी वर्धापनदिनाचे निमित्त करून कागद बदलून पुन्हा विकता येते. यांतील एकही गोष्ट बेकायदा नाही, पण सदतीस क्रमांकाच्या मालकाला त्याने नक्की काय विकत घेतले हे त्यानंतर सांगता येणार नाही.

माझ्या मते अशा चित्राची किंमत त्याच्या टिकाऊपणावर ठरली पाहिजे, आणि नेमक्या त्याच बाबतीत खात्रीपत्रे मौन पाळतात. संगणकावरून होणाऱ्या या छपाईचा इतिहासच सावध करणारा आहे. ग्रॅहम नॅश या गायकाने आपली छायाचित्रे मनाजोगी छापून घेण्यासाठी आयरिस ३०४७ नावाचे एक लाख सव्वीस हजार डॉलरांचे यंत्र घेतले आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात त्यावर मुद्रणशाळा काढली. आज ज्याला जिक्ले म्हणतात त्या छपाईचा उगम तेथे झाला आणि ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत जमा आहे. परंतु ते मूळचे बनवलेले होते छापखान्यातील नमुनाप्रत काढण्यासाठी, म्हणजे दोनचार दिवस पाहून फेकून देण्याच्या कागदासाठी. त्याची शाई टिकावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, आणि त्यावर छापलेली आरंभीची चित्रे काही वर्षांतच फिकी पडू लागली. पुढे विरघळणाऱ्या रंगाऐवजी सूक्ष्म रंगकणांच्या शाया आल्या, त्यांनी आयुष्य पुष्कळ वाढवले. म्हणजे आज दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या, डोळ्याला एकसारख्याच दिसणाऱ्या दोन प्रतींपैकी एक नातवापर्यंत पोहोचेल आणि दुसरी मुलाच्या लग्नापर्यंतही पोहोचणार नाही, असे होऊ शकते. फरक आहे शाईत आणि कागदात. कागद कापसाच्या धाग्याचा, आम्लविरहित आहे की लाकडाच्या लगद्याचा, यावर सर्व अवलंबून असते.

एवढ्यावर विकणाऱ्याचा अपराध संपतो आणि आपला सुरू होतो. आपल्याकडे चित्र घरी आले की ते फ्रेमवाल्याकडे जाते आणि तो इसम सद्भावनेने त्याचा घात करतो. तो ते हार्डबोर्डवर गोंदाने सपाट चिकटवतो, समास काचेखाली बसत नाहीत म्हणून कापतो (सही आणि क्रमांक बहुधा त्या समासातच असतात), काच थेट कागदावर टेकवतो, आणि कधी कधी गिऱ्हाइकाच्याच आग्रहावरून चित्राला लॅमिनेशन करून देतो, ज्यानंतर ते चित्र पुन्हा कागद म्हणून मोकळे होत नाही. मुंबईत श्रावणात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. कागदाला मानवते ती पन्नासच्या आसपासची. ओल काचेच्या आतल्या बाजूला धरते, कागद काचेला चिकटतो, मग बुरशीचे तांबूस ठिपके उमटतात आणि हार्डबोर्डमधील आम्ल मागून पिवळेपणा चढवत येते. कसर आणि वाळवी यांचा हिशेब निराळाच.

खरे तर हे शास्त्र फार अवघड नाही. चित्र गव्हाच्या खळीने आणि पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी वरच्या कडेला तेवढे टांगावे, म्हणजे पावसात कागदाला फुगायला आणि हिवाळ्यात आखडायला जागा राहते. मागे आणि पुढे आम्लविरहित पुठ्ठा असावा, पुढच्या पुठ्ठ्याच्या खिडकीमुळे काच चित्रापासून दूर राहते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळावी. आणि संग्रहालये कागदावरील चित्रांसाठी जी उजेडाची पन्नास लक्सची मर्यादा पाळतात ती घरी पाळणे शक्य नसले, तरी खिडकीसमोरची भिंत तरी नाकारावी, कारण प्रत्यक्ष उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो आणि उजेडाने केलेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. ज्यांच्याजवळ चित्रे अनेक आहेत त्यांनी एक लावावे, बाकीची पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत सपाट ठेवावीत, आणि काही महिन्यांनी पाळी बदलावी. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांत ठेवणे हे न ठेवण्याहून वाईट. नळकांडे हे प्रवासाचे वाहन आहे, बिऱ्हाड नव्हे. त्यात वर्षभर पडलेले चित्र उलगडताना तडकते.

बाजारी छपाईकडे आपण कसे पाहतो याचा दाखला आपल्या दाराशीच आहे. राजा रविवर्म्याचा शिळाप्रेस १८९४ साली गिरगावात निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. भाविकांनी त्यांवर हळदकुंकू वाहिले, जरीचे तुकडे चिकटवले, उदबत्तीचा धूर दिला आणि चित्र जीर्ण झाले की नदीत सोडले. त्यात गैर काही नव्हते, कारण ती पूजेची वस्तू होती. पण मुद्रण म्हणून ती चित्रे सांभाळण्याची तरतूद त्या काळी कोणी केली नाही, १९७२ साली तो छापखाना आगीत गेला, आणि आज त्याच चित्रांच्या चांगल्या प्रतींसाठी संग्राहक वणवण करतात. पेशवे दफ्तरातील रुमालांसाठी सरकारने इमारत बांधली, पोथ्यांसाठी संस्था निघाल्या; रंजनाच्या कागदाची दाद घेणारे कोणी नसते, ते काम हौशी माणसाच्या कपाटावर पडते.

म्हणूनच या हौशी माणसाला एक विनंती. पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारा: कागद कोणत्या धाग्याचा, शाई रंगकणांची की विरघळणारी, क्रमांकाबाहेर किती प्रती काढल्या, आणि हेच चित्र दुसऱ्या आकारात पुन्हा काढण्याचा हक्क तुम्ही राखून ठेवला आहे काय. आलेले उत्तर खात्रीपत्राशेजारी, चित्रापासून वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि जो विक्रेता या चार प्रश्नांना उत्तर देत नाही त्याचा माल, आवृत्ती कितीही लहान असली तरी, घेऊ नका.