पात्यावरचं नाव

दिवाळीत नातू आला होता. शिकतो पुण्यात, पण रिकामं बसणं ठाऊक नाही. म्हणाला, "आजी, तुझ्या सुरीवर तुझं नाव काढून देतो." मी म्हटलं, भांड्यांवर नाव घालणारा पितळेवर टिंबं पाडत जातो तसं का? तर म्हणे, तसं नाही. पाणी दिलेलं पोलाद कडक असतं, त्यावर छिन्नी घसरते. आणि मऊ करायला तापवावं तर पाणी उतरतं, धारच जाते.

मग त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. पातं साबणाने लख्ख धुतलं, त्यावर त्याच्या आईची नखं रंगवायची बाटली फासली. वाळल्यावर सुईने अक्षरं कोरून तेवढंच पोलाद उघडं केलं. वाटीत मिठाचं पाणी, आणि नऊ व्होल्टची बॅटरी. तिची धन तार पात्याला, ऋण तार भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला. बोळा टेकवला की चर्र आवाज, काळा फेस. उघड्या जागचं लोखंड विरघळून मिठाच्या पाण्यात उतरतं. तारा उलट जोडल्या तर काही होत नाही! दहा-बारा वेळा बोळा टेकवला, रंग पुसला, आणि 'आजी' अशी दोन अक्षरं उमटली. (कोणी करून बघणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि स्टेनलेसच्या सुरीवर शक्यतो करू नका. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, ते चांगलं नव्हे.)

मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तो म्हणाला, "त्या जुन्या इळ्यावर कोणाचं नाव घालू?"

तो इळा आमच्या गावच्या लोहाराने घडवलेला. चिखलीजवळचं आमचं गाव, पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पाजवायला नेला की भात्याजवळ बसून राहावं लागे. मूठ तीनदा बदलली, पातं तेच आहे. म्हटलं, ज्याने घडवला त्याचं घाल. आणि नाव सांगायला तोंड उघडलं तर... नाव आठवेना. आम्ही सगळे त्यांना लोहारबुवाच म्हणायचो. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. हजेरी घेताना मी तिचं पूर्ण नाव वर्षभर रोज वाचलं, त्यात बापाचं नाव होतंच की! मुलीचं आठवतं, मधलं नाही.

२०२५ साली आपल्या सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर भोसले घराण्यातल्या पहिल्या रघूजीराजांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत लिहिलंय, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. पातं युरोपात घडलेलं, म्हणून फिरंग. ते नाव होतं म्हणून तर तलवार कोणाची ते कळलं. मलाही ऊर भरून आला. पण त्या ओळीत मालक आहे, पात्याचा मुलूख आहे, पातं घडवणारा नाही.

आपल्या घरातही तेच. पातेल्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीखसुद्धा. तांबटाचं कधी वाचलंय?

गंमत अशी, की मालकाला पात्यावर नाव घालायला एवढा खटाटोप लागतो, बॅटरी नाही तर लेझर. घडवणाऱ्याला काहीच लागत नाही. पाणी देण्याआधी लोखंड लालभडक आणि मऊ असतं. तेव्हा एक ठसा ठेवून घणाचा एक घाव, की झालं. पहिला हक्क त्याचा आणि सोपाही त्याचाच. पण तो आपण कधी मागितला नाही आणि त्याने घेतला नाही. नाव घालायची ऐपत वेगळी आणि घडवायची वेगळी, असं आपण धरूनच चाललो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आता कोणाकडून सुरी, कोयता, इळा घडवून घ्याल तर पाणी द्यायच्या आधी म्हणा, "दादा, तुमचा ठसा उमटवा." स्वतःचं नाव नंतर खुशाल घाला.

इळा अजून तसाच कोरा आहे. नातवाला सांगून ठेवलंय, घाई नको. शाळेत जुन्या हजेऱ्या ठेवल्या असतील तर बघून येते. मुलीचं नाव माहीत आहे, तिच्या पुढेच असेल.