मृत्यू, पुनरारंभ आणि उत्तरदायित्व

व्हिडिओ गेममधील कथनाविषयी एक मत सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते : जेथे डाव सेव्ह करून मागे जाता येते, तेथे पात्राच्या मृत्यूला अर्थ उरत नाही, सबब या माध्यमात शोकात्मिका असंभव आहे. हे मत निरुपद्रवी नाही. ते एका कथनप्रकाराला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवते आणि खेळणाऱ्याला त्याच्या कृतीच्या जबाबदारीतून मुक्त करते.

मुळात येथे पुनरावृत्ती आणि निरसन यांची गल्लत झाली आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील (१९१९) सिंधू प्रत्येक प्रयोगात मरते व पुढच्या प्रयोगात पुन्हा रंगमंचावर येते. म्हणून तिचे मरण क्षुल्लक ठरत नाही. प्रेक्षकाला ते टाळता येत नाही, गेममध्ये मात्र टाळता येते, हा प्रतिवादही सरसकट खरा नाही. 'फायनल फँटसी ७'मध्ये (१९९७) सेफिरॉथ एरिथला ठार करतो. लढाईत पडलेल्या सोबत्याला उठवणारे 'फीनिक्स डाउन' खेळाडूजवळ असले, तरी येथे त्याचा उपयोग नाही. तिने कमावलेली खास कौशल्येही तिच्याबरोबर जातात. डाव कितीदाही मांडला तरी हे मरण चुकत नाही.

याउलट, मृत्यू कायम केला की कथा आपोआप गंभीर होते, हा दुसऱ्या पक्षाचा दावाही तितकाच भाबडा आहे. १९९०मध्ये सुरू झालेल्या 'फायर एम्ब्लेम' मालिकेच्या मूळ नियमानुसार रणात पडलेला योद्धा परत येत नाही. परंतु जवळजवळ कोणीही केव्हाही मरू शकत असल्यामुळे पुढील कथानकाला बहुतेकांवाचून चालावे लागते. उणीव सैन्यात भासते, कथेत क्वचितच. 'द वॉकिंग डेड'मध्ये (२०१२) डग आणि कार्ली यांपैकी एकाच्याच बचावाची निवड करावी लागते. पण जो वाचतो, तोही तिसऱ्या भागात मारला जातो आणि दोन्ही वाटा एक होतात. मृत्यू कायम राहतो. निवडीचा परिणाम मात्र बव्हंशी पुसला जातो.

टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'ने (२०१५) या दोन्ही पक्षांना निरुत्तर केले आहे. टोरिएलला मारून, पस्तावून, मागे जाऊन तिला जीवदान दिले, तरी फ्लावी पहिल्या हत्येची आठवण ठेवतो आणि खेळाडूला ती ऐकवतो. सर्वसंहाराचा मार्ग शेवटास नेल्यास पुढे खेळलेल्या सलोख्याच्या डावाचा शेवटही कलुषित होतो. येथे पुनरारंभ ही सोय न राहता कथेतील कृती बनते. आणि कृती म्हटली की उत्तरदायित्व आलेच.

तेव्हा पात्र परत आणता येते का, हा प्रश्न गौण आहे. त्याच्या मरणाची नोंद संहिता कोठे आणि कोणाकरवी ठेवते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. ते न करता केवळ नियमांवरून निवाडे देणारे दोन्ही पक्ष संहिता वाचण्याचे कष्टच टाळत आहेत.