पगारवाढीने हिरावलेले संरक्षण

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत वेतनकरारानंतर ज्या कामगाराचे मासिक वेतन जानेवारी २०१७ मध्ये लागू झालेली २१,००० रुपयांची मर्यादा ओलांडते, त्याचे कर्मचारी राज्य विमा योजनेतील संरक्षण तत्काळ संपत नाही. चालू अंशदान काळ, म्हणजे वर्गणी कपातीची सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर संपणारी सहामाही, पूर्ण होईपर्यंत तो विमाधारकच राहतो. पुढे त्या वर्गणीवरचा लाभकाळही सरला की आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळणारा भत्ता बंद होतो, आणि कंपनीचा गट आरोग्यविमा सहसा रुग्णालयाचे बिल भागवत असल्याने बुडालेल्या पगाराची भरपाई कोठूनच होत नाही. ही वेतनमर्यादा दरवर्षी महागाईनुसार वाढलीच पाहिजे. शिवाय, वेतनकरार करताना आजारपणातील पगाराचे कलम कामगार संघटनांनी आग्रहाने मागावे.