‘वय झाले होते’ हे उत्तर नव्हे

वाचकहो, घरातील वृद्ध आई अथवा वडील इस्पितळात दगावले म्हणजे वॉर्डात जे एक वाक्य ऐकू येते ते आपणांस परिचित आहे: ‘वय झाले होते.’ आपण मान खाली घालतो, कागदावर सही अथवा अंगठा करतो आणि निघून येतो. आठ दिवस कोणी कूस बदलून दिली नाही म्हणून पाठीला व्रण पडले, पलंगाला कठडा नव्हता म्हणून रात्री लघवीस उठताना म्हातारी कोसळली, पाण्याचा पेला हाताला लागत नव्हता, हे सर्व त्या एका वाक्याखाली गाडले जाते. वय हे मृत्यूचे कारण असू शकेल. हयगयीचे समर्थन ते कसे होईल? ज्याला स्वतःची कूस पालटता येत नाही, त्याच्याविषयी इस्पितळाचे कर्तव्य उलट वाढते.

१९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. २००४ च्या सविता गर्ग खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, नातेवाइकांनी प्रत्येक डॉक्टर व परिचारिकेला प्रतिवादी केलेच पाहिजे असे नाही. योग्य काळजी घेतली होती हे इस्पितळाने दाखवावे. रात्रपाळीला कोण होते हे आपणांस कोठून ठाऊक असणार? म्हणून हा निर्णय गरिबाला फार मोलाचा आहे.

फौजदारी मार्ग मात्र अरुंद आहे. १९९५ मध्ये लुधियानाच्या एका इस्पितळात कर्करोगाने जर्जर झालेल्या रुग्णाला रात्री धाप लागली. मुलाच्या तक्रारीप्रमाणे वीस-पंचवीस मिनिटे डॉक्टर आला नाही आणि जोडलेले ऑक्सिजनचे सिलिंडर रिकामे निघाले. २००५ साली जेकब मॅथ्यू निकालात न्यायालयाने डॉक्टरवरील फौजदारी खटला रद्द केला. इस्पितळाचे दिवाणी उत्तरदायित्व असू शकेल, एवढे मात्र म्हटले. तेव्हा भरपाईचा मार्ग सोडून केवळ पोलीस ठाण्यावर विसंबू नये. डॉक्टरच्या अंगावर धावून जाणे तर गुन्हाच आहे, आणि त्याने आपलीच बाजू बुडते.

आता खरे दुखणे सांगतो. जे इस्पितळ काहींकडून पैसे घेते व काहींवर मोफत उपचार करते, तेथील मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. परंतु जेथे सर्वांनाच सेवा मोफत आहे, तेथील रुग्णाला ग्राहक आयोगाचे दार बंद आहे. केसपेपरचे नाममात्र शुल्क भरल्याने ते उघडत नाही. आमचे म्हातारे जातात ते याच इस्पितळांत! त्यांना दिवाणी न्यायालय अथवा उच्च न्यायालय गाठावे लागते. १९९२ मध्ये बंगालमधील शेतमजूर संघटनेचा एक सभासद रेल्वेतून पडून जखमी झाला; एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला दाखल करून घेतले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग ठरवून त्याला २५,००० रुपये देवविले. तत्त्व थोर, पण सर्वांत गरिबाने सर्वांत लांबचा रस्ता चालावा, हा कोणता न्याय? संसदेने २०१९ साली ग्राहक कायदा नव्याने केला, तेव्हाच हे दार मोफत वॉर्डालाही उघडावयास हवे होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी इस्पितळांत वृद्धांना खाटा देण्याचे कलम आहे. त्यातील ‘शक्य तितके’ हे शब्द सारे कलम गिळून टाकतात.

तोवर आपल्या हाती कागद आहे. रुग्णाचे अभिलेख मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी. व्रण दिसताच तारखेसह छायाचित्र काढावे व परिचारिकेला लेखी कळवावे. आयोगापुढे वकील असलाच पाहिजे असे नाही; इस्पितळाला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत २ वर्षांची आहे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला की हे कागद ट्रंकेच्या तळाशी जातात. ते त्यापूर्वीच एखाद्या शिकलेल्या मुलाच्या अथवा मुलीच्या हाती सोपवावेत.