ओसरीवरून : मंगळवारची शाळा



गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका नव्या जोडप्यानं मला विचारलं, "काकू, मंडळाची मीटिंग मंगळवारी असली की तुम्ही कधीच येत नाही. मंगळवारचा उपास असतो का?" मी तोंड उघडायच्या आतच मागून आमच्या ह्यांनी उत्तर देऊन टाकलं, "उपास नाही हो, तिची कुत्री असतात!" बिचारी दोघं हातात मोदक धरून माझ्याकडे पाहतच राहिली. तेव्हा यावेळची 'ओसरी' त्यांच्यासाठी.

आमच्या गावात कुत्र्यांना वळण लावायला शिकवणारा एक क्लब आहे. इंग्रजीत त्याला 'ओबीडियन्स क्लब' म्हणतात, आमच्या घरात 'मंगळवारची शाळा'. कारण चर्चच्या तळघरातल्या ज्या हॉलमध्ये शनिवारी आपली मराठी शाळा भरते, तिथेच मंगळवारी संध्याकाळी रबरी मॅट्स अंथरून आठ कुत्री आणि त्यांची आठ माणसं गोल गोल चालत असतात. या शाळेत मी १९९७ साली विद्यार्थिनी म्हणून गेले आणि आज तिची अध्यक्ष आहे. मधली काही वर्षं ट्रेझररही होते, कारण "ही इंडियन आहे, हिशोब चोख असणार" असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. माझे मॅट्रिकचे गणिताचे मार्क मी तिथे आजवर कुणालाही सांगितलेले नाहीत.

आता मी तिथे गेलेच कशाला? चिरंजीवांच्या हट्टापायी शेल्टरमधून बंड्या घरी आला. अंगानं लॅब्रॅडोर, कानांनी भलताच कोणीतरी. नव्याचे नऊ दिवस सरले, चिरंजीव सॉकरला पळाले आणि बंड्या माझ्या गळ्यात पडला. जानेवारीतल्या एका सकाळी ड्राइव्हवेवर बर्फाचा पातळ थर होता. बंड्याला खार दिसली. बंड्या धावला, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी होते! सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. शेजारच्या बाई सूप घेऊन आल्या आणि जाताना क्लबचा फोन नंबर ठेवून गेल्या.

फोनवर सांगितलं, "पहिल्या रात्री कुत्रा आणू नका, फक्त रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट आणा." मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण खरंच तसं होतं. शिकवायला होते एक रिटायर्ड पोस्टमन! तीस वर्षं कुत्र्यांपासून पळून झाल्यावर आता त्यांना शिकवण्यात त्यांना मोठी गंमत वाटे. उभे राहून म्हणाले, "कुत्र्याला शिकवायला आलेल्यांनी खुशाल घरी जावं. इथे माणसांना शिकवतात."

मला एकदम माझ्या आजीची म्हण आठवली. कुत्र्याचं शेपूट सहा महिने नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. म्हटलं, इथे तर हे गृहस्थ मलाच नळीत घालायला निघालेत.

आणि घातलंच त्यांनी. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बंड्याला बसवून दाखवायला सांगितलं. मी सुरू केलं, "बंड्या बस. बस ना. अरे बस म्हटलं ना! बंड्या, बस बघू." पाचव्यांदा ओरडल्यावर बंड्या बसला. मी विजयी मुद्रेनं पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमचा कुत्रा फार हुशार आहे. चार वेळा गप्प राहायचं आणि पाचव्यांदा बसायचं, हे तुम्ही त्याला छान शिकवलंय." तेव्हापासून घरात एक नियम झाला. शब्द एकदाच उच्चारायचा, मग थांबायचं, बसला की लगेच शाबासकी. एक-दोन सेकंदांत शाबासकी मिळाली नाही, तर ती कशाबद्दल मिळाली हे कुत्र्याला कळतच नाही.

दुसरी अडचण खास आपल्या घरांतली. मी म्हणे 'बस', चिरंजीव म्हणत 'सिट', हे म्हणत 'सिट डाउन', आणि सोफ्यावरून उतरवायलाही पुन्हा 'डाउन'च. सासूबाई आल्या की 'हाड'. बंड्यानं करायचं तरी काय? गुरुजींनी फ्रिजवर शब्दांची यादी लावायला सांगितली. एका कामाला एकच शब्द, आणि घरातल्या प्रत्येकानं तोच वापरायचा. भाषा कुठलीही चालेल. आम्ही मराठी घेतली: बस, ये, थांब, सोड. त्या सत्रात आमच्या वर्गातली दोन आयरिश कुत्रीसुद्धा 'बस' म्हटल्यावर बसू लागली होती!

पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते त्यांचं गणित. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक क्लबचा, उरलेले १६७ तुमच्या घरचे. त्या एका तासात आम्ही कुत्र्याला काहीही शिकवू शकत नाही. तुम्ही काय करायचं ते तुम्हाला दाखवू शकतो, बस्स. हे ऐकताना मला आपली शनिवारची शाळा आठवत होती. घरी मुलांशी सहा दिवस इंग्रजीत बोलायचं आणि सातव्या दिवशी बाईंना विचारायचं, "अजून मराठी का येत नाही हो?" मराठी शाळेच्या बाई माझ्या मैत्रीण आहेत. त्यांनी हा आकडा फळ्यावर लिहून ठेवलाय. कुठून आला ते मात्र पालकांना सांगत नाहीत.

थोडा इतिहासही सांगते. ही सगळी परंपरा अमेरिकेत सुरू झाली ती एका बाईच्या जिद्दीमुळे. हेलन व्हाइटहाउस वॉकर यांच्याकडे पूडल जातीची कुत्री होती. पूडल म्हणजे नुसतं नटवं, शोभेचं कुत्रं, अशी लोक चेष्टा करत. म्हणून बाईंनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे आज्ञापालनाची चाचणी भरवली. अमेरिकन केनेल क्लबनं १९३६ साली अशा चाचण्यांना मान्यता दिली. पुढच्याच वर्षी वॉकरबाई आणि त्यांच्या सहकारी ब्लांश सॉन्डर्स मोटारीमागे ट्रेलर जोडून, पूडल बरोबर घेऊन, गावोगाव प्रात्यक्षिकं दाखवत देशभर फिरल्या. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखाच तो मुक्काम-दरमुक्काम प्रवास! गावोगावी असे क्लब निघाले, त्यामागे हीच खटपट आहे.

आमचा क्लबही वर्षातून एकदा अशी स्पर्धा भरवतो. दोनशेपैकी १७० गुण मिळाले आणि प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक, तर उत्तीर्ण. असं तीनदा झालं की कुत्र्याच्या नावामागे 'कंपॅनियन डॉग' ही पहिली पदवी लागते. माझा बंड्या मात्र कधीच उतरू शकला नाही. त्या काळी नियमाप्रमाणे नोंदणी झालेल्या शुद्ध जातीच्या कुत्र्यांनाच प्रवेश होता. मिश्र जातीच्या कुत्र्यांसाठी ते दार २०१० साली उघडलं. बंड्या २००८ सालीच गेला. कागदपत्रं नसली की काय होतं, हे आपल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

आता क्लब चालवणं म्हणजे काय? तर मंडळ चालवणंच! हॉलचं भाडं, इन्शुरन्स, वर्गणीची आठवण करणारे फोन, एका सत्रात वीस नावं आणि दुसऱ्यात चारच. मंडळात नाटकाला तीनशे माणसं आणि खुर्च्या उचलायला सात, तसंच इथे स्पर्धेला सगळे आणि मॅट्स गुंडाळायला तेच ते पाचजण. त्या मॅट्स उचलून माझी पाठ धरली, पण त्यांच्याशिवाय कुत्र्यांचे पाय गुळगुळीत फरशीवरून घसरतात, सांधे दुखावतात. म्हणजे पाठ कुणाची दुखवायची एवढाच प्रश्न.

भांडणंही मंडळासारखीच. सगळ्यांत मोठं झालं २००५ साली, साखळीवरून. आमचे पोस्टमन गुरुजी जुन्या पद्धतीचे. विल्यम केलर यांचं १९६२ सालचं पुस्तक त्यांना प्रमाण. गळ्यात साखळी, चुकलं की झटका. तरुण मंडळींनी कॅरन प्रायरबाईंचं १९८४ सालचं पुस्तक वाचलेलं. प्रायरबाई आधी डॉल्फिन शिकवत. डॉल्फिनच्या गळ्यात काही साखळी घालता येत नाही. म्हणून बरोबर केलं की शिट्टी आणि मासा, चुकलं तर काहीच नाही. तीच रीत कुत्र्यांना, फक्त शिट्टीऐवजी टिकटिक वाजणारी डबी आणि माशाऐवजी खाऊ. गुरुजी म्हणायचे, "खाऊ म्हणजे लाच." तरुण म्हणायचे, "मग तुम्ही पगार घेत नव्हता का?"

शेवटी मतदान झालं. चिठ्ठ्या मोजायला मी. त्याच वर्षी त्यांच्या वर्गात एक लहानखुरं, भेदरलेलं कुत्रं आलं होतं. पहिल्याच झटक्याला ते जमिनीला चिकटलं, तिथेच त्याला लघवी झाली आणि त्याची मालकीण रडत बाहेर गेली. ती पुन्हा आली नाही. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी साखळीच्या विरुद्ध मत दिलं. ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्याच विरुद्ध. साखळी दोन मतांनी गेली. गुरुजी काही बोलले नाहीत, कोट घातला आणि निघून गेले. माझं मत कुठे पडलं हे त्यांना माहीत होतं.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी मी हॉलवर पोचले तर मॅट्स आधीच अंथरलेल्या. गुरुजी कोपऱ्यातली शेवटची सरळ करत होते. म्हणाले, "मी शिकवणार नाही. पण तुझ्या त्या हातानं हे रबर उचलायचं नाही." पुढे नऊ वर्षं, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत, ते येत राहिले. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं बक्षिसाचीच पद्धत वापरावी असं जाहीर केलं, तेव्हा वाटलं, मत बरोबरच होतं. पण बरोबर असण्याचा आनंद व्हावा तसा झाला नाही.

आता अगदी आपल्यातली गोष्ट. आपल्या मंडळातल्या एका कुटुंबानं २०२० च्या लॉकडाउनमध्ये सिंबा नावाचं पिल्लू आणलं. त्या वर्षी आमचा हॉलही बंद होता. पिल्लाला ना पाहुणे दिसले, ना दुसरी कुत्री. दोन वर्षांत मुलं कॉलेजला गेली आणि घरी उरले आईबाबा आणि सत्तर पौंडांचा सिंबा. त्यातच सांगलीहून आजी आल्या. सिंबानं प्रेमानं उडी मारली, आजी सोफ्यावर पडल्या. नशीब, लागलं नाही. रात्री फोन आला, "शेल्टरचा नंबर द्या." मी म्हटलं, "देते. पण आधी आठ मंगळवार मला द्या."

पहिल्या रात्री, कुत्र्याविना, तिघंही आले. मागच्या खुर्चीवर नऊवारीत, स्वेटर घालून आजी. मला वाटलं, घरी एकट्या कंटाळतील म्हणून आणलंय. पण चौथ्या मंगळवारी सिंबा कुणाचंच ऐकेना, तेव्हा आजी उठल्या आणि पट्टा मागून घेतला. माझा जीव वर-खाली! आजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हळू आवाजात एकदाच म्हणाल्या, "बस बाळा." आणि थांबल्या. सिंबा बसला. भाकरीचा तुकडा कमरेच्या पिशवीतून केव्हा निघाला आणि केव्हा त्याच्या तोंडात गेला, कळलंही नाही. "आमच्या मळ्यात चार होती," एवढंच बोलल्या. जे शिकायला मला मनगट मोडून घ्यावं लागलं, ते त्यांना उपजतच येत होतं.

सत्राच्या शेवटी 'कॅनाइन गुड सिटिझन' ही दहा भागांची परीक्षा असते. १९८९ पासून चालू आहे. अनोळखी माणसानं हात मिळवला तरी शांत राहणं, गर्दीतून नीट चालणं, हाक मारल्यावर येणं वगैरे. सिंबा नऊ भागांत पास झाला. दहाव्यात मालक तीन मिनिटं नजरेआड जातो आणि कुत्र्यानं परक्या माणसाजवळ गप्प राहायचं असतं. आजी दाराआड गेल्या आणि सिंबानं हॉल डोक्यावर घेतला. नियमाप्रमाणे नापास! पण शेल्टरचा नंबर पुन्हा कुणी मागितला नाही.

सगळ्याच गोष्टी अशा संपत नाहीत. चावऱ्या कुत्र्याला मला नाही म्हणावं लागलंय, पशुवैद्याकडे पाठवावं लागलंय, आणि त्या घरातल्या मुलांचे चेहरे पाहावे लागलेत.

घरात पिल्लू आणायचं चाललं असेल, तर एवढंच करा. वर्ग निवडण्याआधी एक तास नुसतं बसून बघा, कुत्र्यांची शेपटं काय सांगतात ते. लसीचे कागद न मागणाऱ्या वर्गात जाऊ नका. मुलं कॉलेजला गेल्यावर कुत्रा कोण फिरवणार, ते आधी ठरवा. आणि फ्रिजवर यादी लावा.

तर मंडळी, आजीची म्हण खरीच आहे. इतकी वर्षं मी शेपटं पाहतेय, एकही सरळ झालेलं नाही. पण ते सरळ करायचं होतं कुणाला? हलतंय ना, पुष्कळ झालं.

मंगळवारी सात वाजता मॅट्स अंथरायला दोन हात कमी पडतात. कुत्रा नसला तरी चालेल. पुढच्या अंकात भेटूच.