विश्लेषण : स्तनकर्करोग संशोधनाला पैसा हवा, पण कोणाला आणि कधी?

स्तनकर्करोगावरील संशोधनासाठी निधी वाढवा, ही मागणी योग्यच. पण पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी, नुकतीच प्रयोगशाळा थाटलेली संशोधिका आणि वीस वर्षे रुग्ण तपासणारा शल्यचिकित्सक या तिघांची गरज एकसारखी नसते. पैशाइतकाच तो कोणत्या टप्प्यावर मिळतो हा प्रश्न महत्त्वाचा का ठरतो?

एका अनुदानातून काय घडते?

१९८१ मध्ये अमेरिकेतील तरुण जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांना पहिले मोठे सरकारी संशोधन अनुदान मिळाले. स्तनकर्करोग काही कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या का दिसतो, हा त्यांचा प्रश्न होता. एकाच जनुकामुळे एवढा गुंतागुंतीचा आजार होऊ शकतो, यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. मुलाखतीला जाण्याच्या आठवड्यातच त्यांचा संसार मोडला आणि लहान मुलीला सोबत घेऊन त्यांना वॉशिंग्टन गाठावे लागले. नऊ वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवून दिले. तेच आजचे ‘बीआरसीए-१’. त्या वेळी ‘आधी निष्कर्ष दाखवा, मग पैसे मागा’ असे उत्तर मिळाले असते, तर ही वाट कदाचित तिथेच संपली असती.

टप्प्यानुसार निधी म्हणजे काय?

अमेरिकेत रुग्ण महिलांच्या संघटनांनी रेटा लावल्यावर १९९२ मध्ये तिथल्या संसदेने स्तनकर्करोग संशोधनासाठी स्वतंत्र कार्यक्रम मंजूर केला. तोही संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पातून, पहिल्या वर्षी २१ कोटी डॉलरचा. या कार्यक्रमात पीएच.डी.नंतरच्या उमेदवारांसाठी फेलोशिप, स्वतंत्र काम सुरू करणाऱ्या तरुणांसाठी ‘एरा ऑफ होप स्कॉलर’ आणि मुरलेल्या संशोधकांच्या धाडसी कल्पनांसाठी ‘इनोव्हेटर’ पुरस्कार अशी शिडी उभारली गेली. कोणता प्रस्ताव निवडायचा हे ठरवताना शास्त्रज्ञांच्या बरोबरीने आजारातून गेलेल्या महिलाही बसतात.

भारतात काय स्थिती आहे?

भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि ९८ हजारांहून अधिक महिलांचा मृत्यू झाला. त्याच वेळी संशोधन व विकासावरील देशाचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास आहे.

पायऱ्या आपल्याकडेही आहेत. कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ मध्ये दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या नवोदितांसाठीच्या योजनेत तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. २००८ पासून ‘इंडिया अलायन्स’ने सुरुवातीच्या, मधल्या आणि वरिष्ठ अशा तिन्ही टप्प्यांवर पाच वर्षांच्या फेलोशिप दिल्या. मात्र या योजना सर्व विषयांसाठी किंवा एकूण जैववैद्यकासाठी आहेत. तिथे स्तनकर्करोगाच्या प्रस्तावाला इतर शेकडो विषयांशी स्पर्धा करावी लागते.

तीन वर्षांत उत्तर का मिळत नाही?

खरी अडचण इथेच आहे. स्तनकर्करोग पाच-दहा वर्षांनीही उलटू शकतो. त्यामुळे उपचाराचा खरा परिणाम कळायला तेवढा काळ थांबावेच लागते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राची दोन कामे पाहा. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचल्यास काय होते, याचा अभ्यास डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सुरू केला. ११ केंद्रांतील जवळपास १६०० महिला त्यात होत्या. इंजेक्शन न दिलेल्या गटात सहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.२ टक्के होते, दिलेल्या गटात ८९.९ टक्के. निष्कर्ष प्रसिद्ध झाले २०२३ मध्ये. दुसरे काम डॉ. इंद्रनील मित्रा यांचे. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा उपयोग किती, हे त्यांच्या गटाने मुंबईतील दीड लाख महिलांमध्ये १९९८ पासून तपासले. पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

लिडोकेन स्वस्त आहे आणि त्यावर कोणाचे पेटंट नाही. हाताने केलेली तपासणी तर विकताच येत नाही. अशा संशोधनात औषध कंपनीला रस कशाला असेल? ते सार्वजनिक पैशावरच उभे राहते आणि त्याला दशकभर पाठबळ देणारी मोठी संस्था लागते. जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण डॉक्टरला असाच प्रश्न सुचला, तर तीन वर्षांच्या अनुदानात तिने काय करायचे?

मग बदल काय हवा?

पहिला, मुदतीचा. रुग्णांचा पाठपुरावा असलेल्या अभ्यासांना सात ते दहा वर्षांचा निधी द्यावा. मधल्या टप्प्यावर कठोर परीक्षण व्हावे, पण काम नीट चालले असेल तर पुन्हा रांगेत उभे करू नये.

दुसरा, वयाच्या अटीचा. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था ‘नवोदित’ ठरवताना वय न पाहता अंतिम पदवीनंतरची दहा वर्षे मोजते आणि बाळंतपणासाठी मुदत वाढवून देते. आपल्याकडे वयात सवलत देणाऱ्या योजना आहेत, पण मोजपट्टीच बदलणे अधिक न्याय्य ठरेल.

तिसरा, डॉक्टरांच्या वेळेचा. बाह्यरुग्ण विभागात दिवसभर राबणाऱ्या डॉक्टरला अनुदानाबरोबर संशोधनासाठी राखीव दिवस मिळायला हवेत. नुसत्या पैशाने ते दिवस मिळत नाहीत.

आणि चौथा, फेलोशिप वेळेवर देण्याचा. ती महिनोन्‌महिने रखडते तेव्हा घरच्यांचा आधार असलेलेच टिकतात आणि बाकीचे नोकरी शोधतात. ज्येष्ठांच्या प्रकल्पांना निधी हवाच, पण आज पहिल्या पायरीवरून कोण परत फिरले याची नोंद कुठेच होत नाही. त्या हुकलेल्या संशोधनाची किंमत पुढे रुग्णांना मोजावी लागते.